सूत्र बरोबर, उत्तर चूक

अकरावी-बारावीच्या गणितात सीमा शिकवताना एक उदाहरण हमखास येते. १ मधून कोसाइन क्ष वजा करायचा आणि बाकीला क्षच्या वर्गाने भागायचे. क्ष शून्याकडे जाऊ लागला की हा भागाकार अर्ध्याकडे, म्हणजे ०.५ कडे जातो. सिद्धता चार ओळींची आहे. विद्यार्थी ती लिहून घेतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. त्याआधी पाच मिनिटे काढून कॅल्क्युलेटर रेडियनवर लावावा आणि क्षला खरोखरच लहान लहान किमती देऊन पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

दहा अंक सांभाळणारे यंत्र आहे असे धरू. क्ष = ०.०१ घेतला तर भागाकार ०.४९९९९६ येतो, छान. क्ष = ०.००००३ घेतला तर कोसाइनची किंमत दहा अंकांत ०.९९९९९९९९९६ होते आणि भागाकार येतो ०.४४४. क्ष = ०.००००१ घेतला की यंत्राच्या लेखी कोसाइन १ च होतो आणि उत्तर येते शून्य! सिद्धता म्हणते अर्धा, यंत्र म्हणते शून्य. (बहुतेक कॅल्क्युलेटर पडद्यावर दिसतात त्याहून दोन-तीन अंक आत जास्त बाळगतात. त्यामुळे तुमच्या हातातल्या यंत्रावर ही फजिती थोडी उशिरा, क्ष आणखी लहान झाल्यावर दिसेल.)

यात सूत्र चुकलेले नाही, यंत्रही बिघडलेले नाही. मग झाले काय? उसाने भरलेला ट्रक कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा आहे. त्यावर एक चिमणी येऊन बसली. बसण्याआधीचे वजन आणि बसल्यानंतरचे वजन यांच्या फरकातून चिमणीचे वजन काढायचे कुणी ठरवले तर आपण हसू. काटा ट्रकपुरता उत्तम आहे, पण त्याची बारीकशी चूकसुद्धा चिमणीपेक्षा कितीतरी मोठी असते. १ आणि कोसाइन क्ष हे दोन ट्रक आहेत. आपल्याला हवी आहे ती चिमणी.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण ती पुष्कळदा उलटी सांगितली जाते. चूक वजाबाकीत होत नाही. १ वजा ०.९९९९९९९९९६ ही वजाबाकी यंत्र तंतोतंत करते. चूक आधीच, कोसाइनचे अकराव्या स्थानापासूनचे अंक सोडून दिले तेव्हा, झालेली असते. तोवर ती दहाव्या स्थानावर निमूट बसलेली होती. वजाबाकीने पुढचे नऊ सारखे अंक खोडून टाकले आणि ती चूक एकदम पहिल्या स्थानावर आली.

उपाय काय? कोसाइनची वजाबाकी टाळायची. १ वजा कोसाइन क्ष म्हणजेच अर्ध्या क्षच्या साइनच्या वर्गाची दुप्पट. हे सूत्र दहावी-अकरावीत सर्वांनी पाठ केलेले असते. त्याने क्ष = ०.००००३ साठी काम करून पाहा: साइन ०.०००१५ च्या एक दशांश, म्हणजे ०.००००१५, वर्गाची दुप्पट ०.०००००००००४५, भागाकार बरोबर ०.५. कागदावर ही दोन सूत्रे एकच आहेत. यंत्रात ती एक नाहीत.

हा निव्वळ वर्गातला खेळ नव्हे. अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांतले अंतर काढण्याचे गोलीय त्रिकोणमितीतले नेहमीचे सूत्र आधी कोनाचा कोसाइन देते आणि त्यावरून मग कोन काढायचा असतो. संगणकाच्या साध्या अचूकतेत, म्हणजे सुमारे सात अंकांत, १ च्या लगेच खालची संख्या ०.९९९९९९९४ ही आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून हिशोब केला तर या संख्येचे अंतर सुमारे २.२ किलोमीटर येते. त्याच्या खाली फक्त शून्य! एकमेकींपासून किलोमीटरभर दूर असलेल्या दोन शाळा त्या प्रोग्रॅमला एकाच जागी दिसतात. दर्यावर्दी लोकांना ही अडचण संगणकाच्या फार आधी कळली होती. म्हणून त्यांच्या पुस्तकांत अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गाची वेगळी कोष्टके असत. त्या राशीला हॅव्हरसाइन हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ साली दिले. तिची दुप्पट, म्हणजे १ वजा कोसाइन, हिला आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत उत्क्रमज्या असे स्वतंत्र नाव आहे.

विशेष फलने आणि त्यांचे नखरे

साइन, कोसाइन, लॉगरिदम ही ओळखीची मंडळी. भौतिकी आणि संख्याशास्त्रात यांच्या पलीकडची आणखी काही फलने वारंवार भेटतात: गॅमा फलन, बेसेल फलने, लजाँद्र बहुपदी, त्रुटी फलन. यांना विशेष फलने म्हणतात. पूर्वी त्यांच्या किमती जाडजूड कोष्टकांतून काढत. अब्रामोविट्झ आणि स्टेगन यांनी संपादित केलेला १९६४ सालचा अमेरिकन ग्रंथ अनेक प्रयोगशाळांत असे. आता संगणकाला नाव सांगितले की किंमत मिळते. ती मिळते कशी, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

पहिले उत्तर सुचते ते श्रेणीचे. ई (२.७१८...) या संख्येचा क्षवा घात काढण्याची अनंत श्रेणी सर्वांना माहीत आहे: १, अधिक क्ष, अधिक क्ष वर्ग भागिले २, अधिक क्ष घन भागिले ६, याप्रमाणे. क्षची किंमत कोणतीही असो, ती अभिसारी आहे. तर मग क्ष = −१० घेऊ आणि सात अंक ठेवून बेरीज करू. पदे आलटून पालटून धन-ऋण येतात आणि आधी वाढत जातात. नववे आणि दहावे घातपद सर्वांत मोठे, प्रत्येकी २७५५.७३२. सात अंकांत या पदाची तीनच दशांश स्थाने मावतात. म्हणजे त्याच्या अखेरीस ०.०००५ पर्यंत संदिग्धता आहे. आणि खरे उत्तर किती? ०.०००० ४५४! उत्तराच्या दहापट संदिग्धता एकेका पदात असताना बेरजेतून उत्तर निघणार कुठून? श्रेणी अभिसारी आहे हे गणिताचे विधान अगदी खरे आहे, पण ते अनंत अंक लिहू शकणाऱ्याला लागू आहे.

आता क्ष = +१० घेऊन तीच श्रेणी मांडा. सर्व पदे धन, काहीही खोडले जात नाही, बेरीज येते २२०२६.४७. तिचा व्यस्त घेतला की ०.०००० ४५४०. झाले काम.

त्रुटी फलनाची गोष्ट याहून गंभीर आहे. गाउसच्या घंटाकार वक्राखालचे क्षेत्रफळ मोजणारे हे फलन क्ष वाढला की झपाट्याने १ कडे जाते. क्ष = ५ ला त्याची किंमत ०.९९९९९९९९९९९८४६ आहे. बहुतेक वेळा आपल्याला हवे असते ते मात्र हे फलन नव्हे, तर १ मधून ते वजा करून उरणारे शेपूट. तारेतून किंवा काचतंतूतून संदेश जाताना गोंगाटामुळे ० चा १ वाचला जाण्याची शक्यता याच शेपटावरून काढतात. क्ष = ५ ला शेपूट आहे १.५४ भागिले लाख कोटी. दहा अंकांच्या यंत्रावर वजाबाकी केली तर ते शून्य येते; संगणकाच्या दुहेरी अचूकतेत, सुमारे सोळा अंकांत, क्ष = ६ ला शून्य येते. ‘चूक होण्याची शक्यता शून्य’ असे उत्तर ज्या अभियंत्याच्या हाती पडेल तो काय करील? सेकंदाला कोट्यवधी अंक पाठवणाऱ्या जोडणीत लाख कोटींत दीड ही काही नगण्य गोष्ट नाही.

म्हणूनच चांगल्या प्रोग्रॅम-संग्रहांत त्रुटी फलन आणि त्याचे शेपूट ही दोन वेगळी फलने असतात आणि शेपूट वजाबाकीने नव्हे तर स्वतंत्र रीतीने काढलेले असते. सी भाषेच्या १९९९ सालच्या मानकात ही जोडी आहे. शिवाय ‘१ मध्ये क्ष मिळवून लॉगरिदम’ आणि ‘ईचा क्षवा घात वजा १’ अशी दोन विचित्र वाटणारी फलनेही त्यात आहेत. नवखा विद्यार्थी विचारतो, एवढ्यासाठी वेगळे फलन कशाला? कारण वर आलेच आहे.

दोन चुकीच्या आकड्यांपासून बरोबर उत्तर

आता आमच्या मते या विषयातले सर्वांत सुंदर उदाहरण. फ्रीड्रिख बेसेल हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ. ग्रहगतीच्या अभ्यासात त्यांनी ज्या फलनांचा पद्धतशीर विचार केला ती बेसेल फलने. गोल पडद्याची कंपने याच फलनांनी सांगितली जातात. साध्या पडद्याच्या कंपनसंख्या एकमेकींच्या पूर्ण पटीत येत नाहीत, आणि तबल्यावरची शाई नेमकी ती उणीव कशी भरून काढते, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवले. एफएम रेडिओच्या लहरीतली ऊर्जा कोणत्या कंप्रतेला किती वाटली जाते, हेही बेसेल फलनेच सांगतात.

या फलनांना क्रमांक असतात: शून्यावे, पहिले, दुसरे, असे. क्ष = १ साठी त्यांच्या किमती ब(०), ब(१), ब(२) अशा लिहू. लागोपाठच्या तिघांना बांधणारे एक सूत्र आहे. क्ष = १ साठी ते असे:

ब(न+१) = २ × न × ब(न) − ब(न−१)

म्हणजे पहिल्या दोन किमती माहीत असल्या की पुढच्या सगळ्या नुसत्या गुणाकार-वजाबाकीने मिळतात. प्रोग्रॅम तीन ओळींचा. कोष्टकातून सहा दशांश स्थळांपर्यंत ब(०) = ०.७६५१९८ आणि ब(१) = ०.४४००५१ घेऊ आणि वर चढत जाऊ. डावीकडे आपले उत्तर, उजवीकडे खरी किंमत:

ब(२): ०.११४९०४ — ०.११४९०३
ब(३): ०.०१९५६५ — ०.०१९५६३
ब(४): ०.००२४८६ — ०.००२४७७
ब(५): ०.०००३२३ — ०.०००२५०
ब(६): ०.०००७४४ — ०.००००२१
ब(७): ०.००८६०५ — ०.०००००२
ब(८): ०.११९७२६ — ०.००००००१

चौथ्या क्रमांकापर्यंत ठीक, पाचव्याला शंका, सहाव्यापासून अनर्थ. आठव्याचे उत्तर खऱ्याच्या बारा लाख पटींहून मोठे आहे. आणि गंमत पाहा: सुरुवात केल्यानंतर एकाही पायरीवर आपण एकही अंक सोडलेला नाही. पूर्णांकाने गुणले, वजा केले. प्रत्येक पायरी तंतोतंत. सगळा गोंधळ पहिल्या दोन आकड्यांच्या सातव्या दशांश स्थळी जे सोडून दिले त्याने केला.

याचे कारण असे. तिघांना बांधणारे हे सूत्र फक्त बेसेल फलनांचे नाही. ते पाळणाऱ्या संख्यांच्या मालिका दोन स्वभावांच्या आहेत. एक मालिका क्रमांकाबरोबर झपाट्याने लहान होत जाते, ती आपली. दुसरी तितक्याच झपाट्याने फुगत जाते. सूत्राला दोघीही सारख्याच मान्य. आपण सुरुवातीला दिलेल्या आकड्यांत कणभर चूक असली की तिच्यात दुसऱ्या मालिकेचा अंश असतोच. बियाण्यात तणाचे चार दाणे मिसळले गेले तर पेरताना ते दिसत नाहीत, उगवून वर आल्यावर शेत त्यांचेच होते; तसे हे. सहा अंकांऐवजी सोळा अंक घेतले तर? तण थोडे उशिरा दिसेल. बाराव्या पायरीपर्यंत उत्तर तितकेच निरर्थक झालेले असेल. जास्त अंक हा या दुखण्यावर इलाज नव्हे. त्याने फक्त मुदतवाढ मिळते.

पण मग उलटे चालले तर? वर चढताना जे फुगते ते खाली उतरताना आटणार! सूत्र फिरवून लिहू: ब(न−१) = २ × न × ब(न) − ब(न+१). सुरुवात वरून करायची, पण वरच्या किमती तर माहीत नाहीत. इथे ब्रिटिश गणिती जे. सी. पी. मिलर यांची युक्ती येते. ब्रिटिश असोसिएशनच्या बेसेल कोष्टकांच्या १९५२ सालच्या खंडात ती आहे. मिलर म्हणतात, खुशाल काहीही धरा. नववी किंमत ०, आठवी १. दोन्ही धादांत चूक आहेत. आता उतरा:

सातवी: १६ × १ − ० = १६
सहावी: १४ × १६ − १ = २२३
पाचवी: १२ × २२३ − १६ = २६६०
चौथी: १० × २६६० − २२३ = २६३७७
तिसरी: ८ × २६३७७ − २६६० = २०८३५६
दुसरी: ६ × २०८३५६ − २६३७७ = १२२३७५९
पहिली: ४ × १२२३७५९ − २०८३५६ = ४६८६६८०
शून्यावी: २ × ४६८६६८० − १२२३७५९ = ८१४९६०१

हे आकडे अर्थातच प्रचंड मोठे आहेत, पण त्यांचे परस्पर प्रमाण बरोबर आहे. किती पटीने मोठे, हे कळायला बेसेल फलनांचा आणखी एक गुणधर्म वापरायचा: शून्यावी किंमत अधिक सर्व सम क्रमांकांच्या किमतींची दुप्पट, ही बेरीज नेहमी १ असते. आपल्या आकड्यांची तशी बेरीज येते १०६५०३२१. प्रत्येक आकड्याला तिने भागा. ब(०) येते ०.७६५१९७७, ब(१) येते ०.४४००५०६, ब(५) येते ०.०००२४९७५८. दिलेले सगळे अंक बरोबर! सुरुवातीच्या आकड्यातल्या चुकीचा ठसा फक्त सर्वांत वरच्या एक-दोन किमतींवर उरतो. ब(८) तेवढी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर चुकते. तीही नेमकी हवी असेल तर सुरुवात आणखी वरून करावी.

अचूक आकड्यांपासून वर चढलो तर खड्ड्यात, मनाने धरलेल्या आकड्यांपासून उतरलो तर कोष्टकाच्या तोडीचे उत्तर. सूत्र तेच. या विषयाची पक्की सैद्धांतिक मांडणी पुढे वॉल्टर गाउत्शी यांनी १९६७ च्या एका दीर्घ लेखात केली. मात्र ‘नेहमी उतरावे’ असा नियम करून घेऊ नका. क्रमांक क्षपेक्षा लहान असेपर्यंत बेसेल फलनांच्या बाबतीत वर चढणे निर्धोक असते; क्रमांक क्षच्या पुढे गेला की तण माजते. जी दुसरी मालिका फुगत जाते, तिच्याच किमती हव्या असतील तर वर चढणेच योग्य.

दोष कुणाचा?

प्रत्येक वाईट उत्तराचे खापर रीतीवर फोडता येत नाही. ८९.९९ अंशांचा टॅन्जंट सुमारे ५७३० आहे, ८९.९९९ अंशांचा ५७२९६. कोन मोजण्यात शंभराव्या भागाची चूक झाली असेल तर कोणतीही रीत आपल्याला वाचवणार नाही. तिथे प्रश्नच नाजूक आहे. ब(८) चा प्रश्न मात्र मुळीच नाजूक नव्हता, आपण निवडलेली वाट वाईट होती. विद्यार्थ्याला हा फरक कळणे आम्हाला अंकगणितातल्या वेगापेक्षा मोलाचे वाटते. पहिल्या प्रसंगी मोजमाप सुधारायचे असते, दुसऱ्या प्रसंगी रीत.

साध्या साइनमध्येही वाट चुकू शकते. एक लाख रेडियनचा साइन काढायचा तर आधी त्यातून पूर्ण फेऱ्या, १५९१५ फेऱ्या, वजा कराव्या लागतात. पायची किंमत ३.१४१६ धरली तर प्रत्येक फेरीत नगण्य चूक होते, पण १५९१५ फेऱ्यांत ती तेरा अंशांवर जाते. दहाचा बाविसावा घात इतक्या रेडियनचा साइन विचारला तर पायचे किती अंक लागतील याचा अंदाज वाचकांनी करावा. पेन आणि हॅनेक यांनी १९८३ साली यावर जी पद्धत दिली तीत पायच्या व्यस्ताचे शेकडो द्विमान अंक साठवून, त्यांतले नेमके लागतील तेवढेच वापरले जातात.

शाळांत आता संगणक आहेत, आणि वाईट उत्तर देताना संगणक कोणतीही सूचना देत नाही हीच खरी अडचण आहे. ब(८) = ०.११९७२६ हा आकडा दिसायला अगदी सभ्य आहे. म्हणून उत्तर दुसऱ्या वाटेने ताडून पाहण्याची सवय हवी. बारावीच्या वर्गाला झेपेल असे एक उदाहरण देतो.

क्षचा नवा घात गुणिले ईचा (क्ष − १)वा घात, याचे ० ते १ संकलन स(न) म्हणू. खंडशः संकलनाने लगेच मिळते: स(न) = १ − न × स(न−१). स(१) म्हणजे १ भागिले ई. सहा स्थळांपर्यंत ०.३६७८७९. इथून चढत गेलात तर स(२) = ०.२६४२४२, स(३) = ०.२०७२७४ असे व्यवस्थित येत येत स(७) = ०.११०१६० येते. मग स(८) = ०.११८७२०. घात वाढला की क्षेत्रफळ घटायला हवे, हे तर वाढले! आणि स(९) = −०.०६८४८०. वक्र सबंध अक्षाच्या वर आहे आणि क्षेत्रफळ ऋण. हा आकडा फळ्यावर येऊ द्यावा आणि चूक शोधायला सांगावी. विद्यार्थी आधी वजाबाक्या तपासतील, त्या सगळ्या बरोबर निघतील.

नंतर स(१५) = ० असे खोटेच धरून, स(न−१) = (१ − स(न)) भागिले न या सूत्राने त्यांना खाली उतरायला लावावे. इथे प्रत्येक पायरीला जुनी चूक १५ ने, १४ ने, १३ ने भागली जाते. सहा भागाकारांनंतर स(९) येते ०.०९१६१२, आणि सहाही स्थाने बरोबर असतात.